शिट्टीच्या आधी

नव्या कवळीचं गुपित घरात तिघांना माहीत होतं. त्यातली तिसरी आपण आहोत हे पहिल्या दोघांना ठाऊक नाही, एवढ्या एका आनंदावर वहिनी सकाळपासून तरंगत होती. एरवी तरंगण्याशी तिचा काही संबंध नव्हता. पोहणाऱ्यांच्या या घरात ती लग्न करून आली ती थेट तलावाच्या तिकीट खिडकीत बसली आणि इतक्या वर्षांत तिने पायाची बोटंसुद्धा भिजवली नव्हती. सगळे तिला कोरडी वहिनी म्हणायचे, आणि ती मजेत ओ द्यायची.

आदल्या दिवशी पंपाच्या खोलीमागे तिने ते पाहिलं होतं. तिचे सासरे, ज्यांना अख्खं गाव मास्तर म्हणायचं आणि ज्यांनी निम्म्या गावाला पोहायला शिकवलं होतं, भिंतीकडे तोंड करून शिट्टी फुंकत होते. शेजारी तिचा धाकटा दीर, दातांचा डॉक्टर, घाम पुसत उभा होता.

"परत फुंका, बाबा."

फुस्स.

"जीभ जरा मागे घ्या."

"आणखी मागे घेतली तर गिळली जाईल! कवळी केलीस की कुलूप लावलंस?"

"सवयीचा प्रश्न आहे. आठवड्याभरात बसेल."

"उद्या आहे, उद्या! आणि हे बाहेर कळलं ना, तर तुझ्या दवाखान्याला मी स्वतः कुलूप घालीन."

वहिनीने दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि ती तिथून जी पळाली ती खिडकीत येऊनच हसली. मग मात्र तिला मास्तरांची दयाही आली. या घरात शिट्टी म्हणजे काय चीज होती ते तिला पक्कं माहीत होतं.

मास्तरांच्या तलावाचा नियम एकच. शिट्टी झाल्याशिवाय कोणी पाण्यात उतरायचं नाही, मग तो पाहुणा असो, पोरगं असो की खुद्द मास्तरांचा मुलगा असो. मुलांच्या अंगात हा नियम इतका भिनला होता की वहिनीच्या लग्नात फोटोवाल्याने गर्दी हटवायला शिट्टी मारली तेव्हा नवरदेव आणि त्याचा भाऊ, दोघेही खुर्च्यांवरून हात पुढे करून झेपावले. तो फोटो अजून बैठकीच्या खोलीत आहे. त्यात नवरी एकटीच हसत बसली आहे आणि नवऱ्याचे नुसते बूट दिसतात.

आज तलाव नव्या फरशांसह पुन्हा उघडायचा होता आणि आजच मास्तरांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस होता. मास्तर शिट्टी देणार, दोन्ही मुलगे आणि जुने शिष्य उड्या टाकणार, असा बेत होता. आणि शिट्टी तर म्हणत होती फुस्स.

पण वहिनीला त्याहून मोठी काळजी वेगळीच होती, आणि ती काळजी एका गंजक्या टेम्पोत बसून गावाकडे येत होती.

शिट्टीचा नियम आजवर एकदाच मोडला होता, आणि मोडला होता तो बेडकीने. बेडकी म्हणजे वहिनीची नणंद, तिघा भावंडांतलं शेंडेफळ. लागोपाठ तीन वर्षं तिने जिंकायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. चषक ठेवायला कपाट पुरेना म्हणून सासूबाई त्यांत चमचे ठेवू लागल्या होत्या. चौथ्या वर्षी याच तलावावर अंतिम शर्यत होती आणि सुरुवात द्यायला खुद्द मास्तर उभे होते. मुली उडीच्या ओट्यांवर वाकल्या. त्याच वेळी भिंतीपलीकडच्या रस्त्यावरून एक फिरता बँड चालला होता. त्यातल्या कुणीतरी ट्रम्पेटवर एक लांबलचक खट्याळ सूर सोडला आणि बेडकीचे पाय सुटले, शिट्टीच्या आधी.

मास्तरांनी स्वतःच्या हाताने लाल झेंडा दाखवून लेकीला बाद केलं. ती पाण्यातून वर आली, अंगाभोवती टॉवेल गुंडाळला, "कोण वाजवत होतं गं ते?" एवढंच वहिनीला विचारलं आणि बघायला म्हणून जी फाटकाबाहेर गेली ती गेलीच. महिन्याभरात ती त्या बँडबरोबर गावोगाव फिरत होती, आणि वर्ष संपायच्या आत ट्रम्पेट तिच्या हातात होता.

मास्तर ओरडले नाहीत, तिला हाकललंही नाही. ते नुसते बोलायचे थांबले. "जी शिट्टीसाठी थांबली नाही, ती माझ्यासाठी काय थांबणार," असं एकदाच म्हणाले, तेही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून.

बेडकी जिथे जाईल तिथून तिकीट खिडकीत फोन करायची. वहिनीने फोन कानाला लावला की पलीकडून आधी नव्या गाण्याचा तुकडा यायचा आणि मग धापा टाकत प्रश्न, "कसं वाटलं?" नवी नवरी होती तेव्हा सगळं घर पाण्यात आणि आपण काठावर, अशा कितीतरी दुपारी वहिनीने रडवेली होऊन काढल्या होत्या. तेव्हा पाण्यातून बाहेर येऊन तिच्याजवळ बसणारी एकटी बेडकीच होती. वहिनीला ती परत हवी होती. फोनवर नको, जेवणाच्या टेबलाशी हवी होती, मास्तरांच्या समोरच्या खुर्चीत. म्हणून तर उद्घाटनाचा बँड ठरवायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं होतं.

टेम्पो फाटकातून आत आला. लाल कोट आणि पितळी बटणं घातलेले चार वाजवणारे खाली उतरले, ढोल उतरला, आणि शेवटी, मागच्या फळीवरून उडी मारून, बेडकी उतरली. केसांत थोडी पांढरी रेघ, पण उडी तीच.

तिकीट खिडकीपाशी वहिनीच्या नवऱ्याने, म्हणजे मास्तरांच्या थोरल्या मुलाने, आ वासला. त्याला सगळे दादा म्हणत आणि आता तलाव तोच चालवायचा.

"अगं, ही तर बेडकी!"

"हो का? बघू. अय्या, खरंच की!"

"तुला माहीत होतं."

"मला कसं माहीत असणार? मी बँड सांगितला. आत कोण कोण बसलंय ते काय दार उघडून बघू?"

"आजच्या दिवशी? बाबांच्या वाढदिवसाला?"

"मग कधी? तुमच्या वाढदिवसाला?"

दादाचा चेहरा तांबडा झाला. तेवढ्यात डॉक्टर धावत आला. त्यानेही टेम्पो पाहिला होता.

"दादा, तिला गाडीतच बसू दे. बाकीचे वाजवतील. बाबांना एवढ्या गर्दीत धक्का नको."

"मी तेच म्हणतोय," दादा म्हणाला.

दोघे भाऊ एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. हे दृश्य इतकं दुर्मीळ होतं की वहिनीला क्षणभर बरंच वाटलं. मग तिने डॉक्टरकडे गोड हसून पाहिलं.

"भाऊजी, फुस्स."

"क... काय म्हणालात?"

"काही नाही. कुणाच्या तरी सायकलची हवा गेली असेल. फुस्स."

डॉक्टरच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने फाटकाकडे, वडिलांच्या खोलीकडे आणि परत वहिनीकडे पाहिलं.

"दादा," तो घसा खाकरून म्हणाला, "विचार केला तर, अशा दिवशी सगळं कुटुंब एकत्र असावं."

"आत्ता तर तू म्हणालास..."

"माणसाने विचार बदलू नये का?"

दादा एकटा पडला. त्याने शेवटचा आधार म्हणून आईकडे पाहिलं. सासूबाई छत्रीखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. आता त्या खुर्ची मागे ढकलून, कुबडी तिथेच विसरून, लेकीच्या गळ्यात पडल्या होत्या.

"वाळलीस."

"जाड झालेय, आई. हे बघ, बटणं लागत नाहीत."

"म्हणजे कोट वाळलाय. गप्प बस." मग त्या दादाकडे वळल्या. "आणि तू काय तोंड पाडून उभा आहेस?"

"बाबांना विचारायला हवं होतं, आई."

"या आरशासारख्या फरशा बसवल्यास तेव्हा विचारलंस? ते खरखरीत म्हणत होते ना? सकाळपासून मी दोनदा घसरलेय. तिथे नाही विचारलंस, मग माझ्या पोरीला घरी आणताना कशाला विचारतोस?"

दादा खाली वाकून ढोलाचा पट्टा सारखा करू लागला. फरशांचा विषय निघाला की त्याला हमखास काहीतरी काम सुचायचं.

मास्तर बाहेर आले तेव्हा काठावर माणसांची भिंत झाली होती. पांढरा शर्ट, गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी, चाल अजून ताठ. त्यांनी लाल कोटांच्या ओळीकडे नजर टाकली आणि ती नजर ट्रम्पेटपाशी अडली.

बेडकी एक पाऊल पुढे आली. "वाढदिवसाच्या शुभेच्छा, मास्तर."

मुलांनी पाण्यात असताना त्यांना मास्तर म्हणायचं आणि पाण्याबाहेर बाबा, अशी या घराची रीत होती. बेडकीचे पाय कोरडे होते. पण बाबा म्हणायचा धीर तिला झाला नाही.

मास्तर दादाकडे वळून म्हणाले, "बँडवाल्यांना सांग, दोन गाणी वाजवा. त्यांचं जेवण मागच्या शेडमध्ये ठेवलंय. संध्याकाळी पुढच्या गावाला जायचं असेल त्यांना, उशीर करू नका."

आणि त्यांनी पाठ फिरवली.

सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. वहिनीचे डोळे भरून आले. एवढा घाट घालून, एवढं खोटं बोलून, शेवटी शेड! बेडकीने मात्र तिच्याकडे बघून डोळा मारला, ओठ ओले केले आणि ट्रम्पेट उचलला.

पहिलं गाणं नाचरं होतं. ढोल असा घुमला की तिकीट खिडकीची काच थरथरली, जुने शिष्य पोहण्याच्या चड्ड्यांतच ताल धरून डोलू लागले, आणि सोळा वर्षांपूर्वी बेडकीकडून हरलेली एक जाडजूड बाई तर टाळ्या वाजवत गिरकीच घ्यायला लागली. दादाचा पायसुद्धा हलला. त्याने तो लगेच आवरला. दुसऱ्या गाण्यात बेडकीने एक सूर धरला आणि तो सोडलाच नाही. बाकीचे थांबले, ढोल थांबला, तो सूर मात्र तलावाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघाल्यासारखा चाललाच होता.

मास्तर पाठ करूनच होते, पण एका जागी उभे नव्हते. काठाकाठाने ते हळूहळू चालत होते, लेकीचा सराव घेताना चालायचे तसे, आणि बाजूला सोडलेला त्यांचा उजवा पंजा उघडत होता, मिटत होता, उघडत होता. ते पोहण्याचे हात मोजत होते. वहिनी नकळत त्यांच्या मागे मागे चालू लागली. सूर संपला, बेडकीने मान डावीकडे वळवून श्वास घेतला, आणि मास्तर स्वतःशीच पुटपुटले, "अजून डावीकडूनच घेते."

पाठ करून! न बघता!

वहिनीला वाटलं, आता हे कुणाला सांगितलं नाही तर आपण फुटू. ती गर्रकन वळली, "बेडके, ऐकलंस का!" असं ओरडत उंच टाचांच्या नव्या सँडलवर धावत सुटली, दादाच्या आरशासारख्या फरशीवर तिची एक टाच इकडे गेली, एक तिकडे गेली, आणि कोरडी वहिनी तलावाच्या सगळ्यात खोल टोकाला धपकन पाण्यात पडली.

ती खाली गेली. हातपाय झाडून वर आली तेव्हा तिला जे दिसलं ते ती मरेपर्यंत विसरणार नव्हती, आणि ते मरण अगदी जवळ आलंय असं तिला त्या क्षणी वाटतही होतं. काठावर तिचा नवरा गुडघे वाकवून, हात मागे घेऊन, मान खाली घालून उभा होता. शेजारी डॉक्टर, तसाच. त्यांच्यामागे सगळे शिष्य रांगेने, तसेच. गावातले सगळ्यात पट्टीचे पोहणारे, सगळेच्या सगळे उडीच्या पवित्र्यात, आणि उडी कोणी मारत नव्हतं.

"अहो!" वहिनी किंचाळली.

"आलो! आलोच!" दादा ओरडला आणि जीव खाऊन मास्तरांकडे बघू लागला. त्याचं सगळं अंग पुढे झुकलं होतं, पाय तेवढे फरशीला चिकटले होते.

मास्तरांनी शिट्टी तोंडात धरली. गाल फुगवले.

फुस्स.

"बाबा, शिट्टी!"

फुस्स. फुस्स.

वहिनी दुसऱ्यांदा खाली गेली. कानांत पाणी गडगडलं, आणि वरच्या हिरवट उजेडातून काहीतरी लाल, पितळी बटणांचं, सरळ तिच्या दिशेने आलं. बेडकीने मास्तरांकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. ट्रम्पेट हातातच होता.

"धर, वहिनी! माझा गळा नको, हे धर!"

वहिनीने ट्रम्पेटचं तोंड दोन्ही हातांनी कवटाळलं. बेडकीने तिला पाठीवर उलथी केली, कोटाच्या एका बाहीने हनुवटी वर धरली आणि चार हातांत पायऱ्यांपाशी आणून सोडली. वहिनी खोकली, थुंकली, पायरीवर बसली.

"जिवंत आहेस?"

"ते... डावीकडून..." वहिनी धापा टाकत म्हणाली. "श्वास... म्हणाले, अजून डावीकडूनच घेते. पाठ करून ओळखलं गं त्यांनी!"

बेडकी पाण्यात होती तशीच थांबली. तिने मान वर केली. काठावर सगळे अजून वाकूनच उभे होते आणि सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली होती, ती कोणी बोलत नव्हतं. परत शिट्टीच्या आधी. त्याच तलावात, त्याच माणसासमोर.

मास्तरांनी शिट्टी तोंडातून काढली. मग तोंडात दोन बोटं घातली, सगळ्या गावासमोर नवी कवळी ओढून काढली आणि ती सासूबाईंच्या हातात दिली. डॉक्टरने डोळे मिटून घेतले. मास्तरांनी बोळक्या तोंडात शिट्टी दाबून धरली आणि फुंकली.

काय ती शिट्टी! झाडावरचे पक्षी उडाले. तिकीट खिडकीवर रांग लावलेल्यांनी कान झाकले. आणि दादा नि डॉक्टर अजून न बदललेल्या सुटाबुटासकट, घड्याळांसकट, आणि झाडून सगळे शिष्य, त्या जाडजूड बाईसकट, एकाच वेळी पाण्यात पडले. एवढी मोठी लाट उठली की नुकतीच वाचलेली वहिनी पायरीवरून पुन्हा एकदा पाण्यात गेली आणि बेडकीला तिला पुन्हा एकदा ओढून बाहेर काढावं लागलं.

"अरे गाढवांनो!" मास्तर काठावरून गरजले. दात नसल्यामुळे अर्धी अक्षरं हवेतच जात होती. "तुमच्यासाठी नव्हती!"

दादाने पाण्यातून डोकं वर काढलं. त्याचा टाय कानावर लोंबत होता. "मग कुणासाठी?"

मास्तरांनी बेडकीकडे बोट दाखवलं.

"तिची सुरुवात बरोबर होती," ते म्हणाले. "शिट्टीलाच उशीर झाला."

सासूबाईंनी कवळी छातीशी घट्ट धरली होती. बेडकीची हनुवटी थरथरली, आणि मास्तरांना ते पाहावेना म्हणून की काय, ते एकदम खेकसले, "अर्ध्यात काय थांबलीस? समोरची भिंत कोण गाठणार?"

बेडकीने ट्रम्पेट वहिनीच्या मांडीवर ठेवला. लाल कोटासकट ती वळली आणि निघाली. तिचे हात पूर्वीसारखे हलके नव्हते. कोट पाणी पीत होता, बटणं तुटून मागे तळाशी जात होती. पण ती पोहत होती, आणि काठावर मास्तर तिच्या बरोबरीने चालत होते, आता पाठ न करता, पंजा उघडत मिटत. ढोलवाल्याला काय सुचलं कोण जाणे, त्याने त्या पंजाचा ताल उचलला. मग उरलेले तिघेही त्यात शिरले. पाण्यातले सगळे बाजूला झाले आणि दादा सगळ्यांत मोठ्याने ओरडला, "बेडके, रेट!"

तिने भिंतीला हात लावला. मास्तर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी हात पुढे केला. तो धरून ती ठिबकत वर आली.

"आमचं जेवण शेडमध्ये आहे ना, मास्तर?"

"बँडवाल्यांचं शेडमध्ये आहे."

"मी बँडवालीच आहे. उद्याही असेन."

मास्तरांनी तिच्या तुटलेल्या बटणांकडे पाहिलं, ढोलाकडे पाहिलं, पायरीवर ट्रम्पेट उलटा करून त्यातलं पाणी ओतत बसलेल्या सुनेकडेही पाहिलं. मग ते दादाकडे वळले.

"टेबलं उचला. सगळ्यांची पानं शेडमध्ये घ्या. माझी खुर्ची हिच्यासमोर ठेवा."

"अहो, दात तरी लावा," सासूबाई कवळी पुढे करत म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी पोरीशी बोलताय."

"राहू दे तुझ्याकडेच. बोलायला काय दात लागतात?" ते म्हणाले, आणि लेकीच्या खांद्यावर स्वतःचा टॉवेल टाकून पुढे म्हणाले, "आणि तू. पाण्याबाहेर आल्यावर मला काय म्हणायचं, विसरलीस का?"

"नाही, बाबा," बेडकी म्हणाली.